नॉर्वेचं ‘स्टूरटिस्केन’: टाइप ६३ वाफेच्या इंजिनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाफेच्या इंजिनांची आवड असणाऱ्या मराठी वाचकांना ब्रिटिश आणि भारतीय इंजिनं चांगली ठाऊक असतात. नॉर्वेचा विषय निघाला की मात्र प्रश्नांची रांग लागते, आणि त्यातले बरेच या एकाच इंजिनाभोवती फिरतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही प्रश्न दोन ओळींत मिटतात, काहींना सविस्तर उत्तर द्यावं लागतं.

हे इंजिन नेमकं कोणतं?

नॉर्वेच्या सरकारी रेल्वेने, म्हणजे एनएसबीने, ‘टाइप ६३ए’ म्हणून नोंदवलेलं मालगाडीचं वाफेचं इंजिन. ते मूळचं जर्मन, जर्मन राइशबानच्या, म्हणजे तिथल्या सरकारी रेल्वेच्या ‘वर्ग ५२’मधलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी ही इंजिनं नॉर्वेत आणली आणि मे १९४५ मध्ये शरणागती पत्करली तेव्हा त्यातली ७४ तिथेच राहिली. एनएसबीने ती ताब्यात घेऊन कामाला लावली. नॉर्वेच्या रेल्वेवाल्यांनी त्यांना नाव दिलं ‘स्टूरटिस्केन’, म्हणजे मोठा जर्मन.

‘६३ए’ यातला आकडा आणि अक्षर काय सांगतात?

एनएसबीची पद्धत सोपी होती. प्रमाण गेजच्या, म्हणजे १,४३५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरच्या इंजिनांना साधे आकडे आणि नॅरोगेजच्या इंजिनांना रोमन आकडे. एकाच प्रकारात फेरफार झाले की पुढे ए, बी, सी अशी अक्षरं लागायची. इंजिनाचा स्वतःचा क्रमांक वेगळा. या ७४ इंजिनांच्या बाबतीत एनएसबीने जर्मन क्रमांकाचा शेवटचा भाग तसाच ठेवला. म्हणून जर्मनीतलं ५२ २७७० हे नॉर्वेत टाइप ६३ए, क्रमांक २७७० झालं. जुन्या फोटोतल्या इंजिनाचा जन्म कुठल्या कारखान्यात झाला हे शोधायचं असेल तर ही गोष्ट फार उपयोगी पडते.

जर्मनांना नॉर्वेत एवढ्या इंजिनांची गरज का पडली?

९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने नॉर्वेवर हल्ला केला आणि पुढची पाच वर्षं देश व्यापलेला राहिला. हा देश उत्तर-दक्षिण लांबलचक, डोंगरांचा आणि अरुंद खाड्यांचा. समुद्रमार्गे सामान न्यावं तर ब्रिटिश पाणबुड्या आणि विमानं टपलेली. त्यामुळे सैन्य, दारूगोळा, सिमेंट, अन्नधान्य हे सगळं शक्य तितकं रेल्वेने उत्तरेला पोचवावं लागे. युद्ध संपलं तेव्हाही नॉर्वेत साडेतीन लाखांच्या आसपास जर्मन सैनिक होते. अवघ्या तीस लाख वस्तीच्या देशातला हा आकडा आहे. त्यांना पोसायचं म्हणजे मालगाड्या हव्यातच.

ओस्लो ते ट्रॉनहाइम हा डोव्ह्रे मार्ग १९२१ मध्ये पूर्ण झाला होता. ट्रॉनहाइमच्या पुढे उत्तरेला जाणारा नूर्लांड मार्ग मात्र अर्धवट होता. १९४० मध्ये तो मूशेनपर्यंत आणि १९४२ मध्ये मो इ राना या गावापर्यंत पोचला. हिटलरला तो आणखी पुढे, ध्रुववृत्तापलीकडे न्यायचा होता.

तो मार्ग कोणी बांधला?

हा प्रश्न विचारणारे कमी, पण इंजिनाइतकाच तो महत्त्वाचा आहे. स्टूरटिस्केनचं कौतुक करताना हे पान उलटून पुढे जाणं मला पटत नाही.

जर्मनांनी सुमारे १ लाख सोव्हिएत युद्धकैदी नॉर्वेत आणले. त्यातले १३ हजारांहून अधिक तिथेच मेले: भुकेने, थंडीने, आजाराने, मारहाणीने आणि गोळ्यांनी. हजारो कैदी उत्तरेत रेल्वेच्या कामावर जुंपले होते. डोंगर फोडायचे, बोगदे खणायचे, भराव टाकायचे आणि तेही ध्रुवीय हिवाळ्याच्या अंधारात. युगोस्लाव्हियातून आणलेल्या चार हजारांवर कैद्यांची अवस्था याहून भयानक होती. त्यातले निम्म्याहून अधिक जगले नाहीत. मो इ रानाच्या उत्तरेचा एक रस्ता नॉर्वेत आजही ‘रक्ताचा रस्ता’ याच नावाने ओळखला जातो. साल्टडालमध्ये रोग्नानजवळ बोट्न इथे या कैद्यांची युद्धस्मशानभूमी आहे.

नूर्लांड मार्ग पुढे शांततेच्या काळात पूर्ण झाला. १९५८ मध्ये तो फाउस्केपर्यंत आणि १९६२ मध्ये बोडोपर्यंत गेला. आज तिथली निसर्गदृश्यं पाहायला जगभरातून प्रवासी येतात. त्या रुळाखालची खडी कुणाच्या हातांनी पडली आहे, ते त्यांना माहीत असायला हवं.

‘वर्ग ५२’ हे खास नॉर्वेसाठी बनवलं होतं का?

नाही. ते युद्धासाठी बनवलं होतं आणि त्याची कल्पना रशियाच्या बर्फातून आली.

१९४१-४२च्या हिवाळ्यात जर्मन रेल्वे रशियात अक्षरशः गोठली. जर्मन इंजिनांचे पाण्याचे नळ आणि पंप बाहेरच्या बाजूला उघडे असत. उणे तीस-चाळीसला ते फुटायचे आणि इंजिनं शेकड्यांनी बंद पडायची. त्याच वेळी पोलाद, तांबं, कथील, कुशल कामगार आणि वेळ या सगळ्यांचा तुटवडा होता. मार्च १९४२ मध्ये शस्त्रास्त्र मंत्री आल्बर्ट श्पेअरने रेल्वे इंजिनांच्या उत्पादनाची सूत्रं गेरहार्ट डेगेनकोल्बच्या हाती दिली. आदेश असा होता की कमीत कमी सामानात, कमीत कमी वेळात, जास्तीत जास्त इंजिनं बाहेर पडली पाहिजेत.

पाया म्हणून १९३९ पासून बनत असलेलं ‘वर्ग ५०’ हे चांगलं मालगाडीचं इंजिन घेतलं. त्यात सुमारे सहा हजार वेगवेगळे भाग होते. त्यातले जवळजवळ हजार काढून टाकले आणि उरलेल्यांपैकी हजारो भाग सोपे केले. पहिलं इंजिन, ५२ ००१, सप्टेंबर १९४२ मध्ये बोर्झिगच्या कारखान्यातून बाहेर पडलं. पुढे हेन्शेल, शिखाउ, क्राउस-माफाय, वियेन्नातलं फ्लोरिड्सडोर्फ आणि व्यापलेल्या पोलंडमधले कारखाने अशा अनेक ठिकाणी मिळून सहा हजारांहून अधिक इंजिनं बनली. जगातल्या सर्वांत मोठ्या संख्येने बनलेल्या वाफेच्या इंजिनांत त्याची गणना होते. या कारखान्यांतही वेठबिगार मजूर मोठ्या प्रमाणात राबत होते.

नेमकं काय काढून टाकलं?

शोभेचं आणि सोयीचं सगळं गेलं. बॉयलरमध्ये जाणारं पाणी आधी तापवून कोळसा वाचवणारी यंत्रणा काढली आणि वाफेच्याच जोराने बॉयलरमध्ये पाणी ढकलणाऱ्या दोन इंजेक्टरांवर काम भागवलं. चाकांना जोडणारे लांब दांडे आधी घडवून, तासून, चकचकीत पॉलिश केलेले असत. आता लाटलेल्या पोलादाच्या पट्टीला टोकं वेल्ड करून दांडा तयार होऊ लागला. रिवेटच्या जागी शक्य तिथे वेल्डिंग आलं. बेअरिंगमधलं कांस्य गेलं. प्रत्येक इंजिनामागे कित्येक टन धातू वाचला.

दोन गोष्टींची मात्र काळजी घेतली. एक म्हणजे थंडीपासून संरक्षण: नळ झाकले, केबिन चारी बाजूंनी बंद केली. दुसरी म्हणजे मजबुती: बॉयलर १६ बार दाबाचा, जुन्या इंजिनाइतकाच दमदार.

टेंडर, म्हणजे इंजिनामागे जोडलेला पाणी-कोळशाचा डबा, तर पूर्ण नवा होता. आधीच्या टेंडरला खाली वेगळी चौकट असायची आणि तिच्यावर पाण्याची चौकोनी टाकी बसवलेली असायची. इथे गोल पोटाची टाकीच स्वतःचा भार पेलते, वेगळी चौकट नाहीच. ही टाकी थेट दोन बोगींवर, म्हणजे वळणावर फिरणाऱ्या चाकांच्या गाड्यांवर टेकलेली. जर्मन तिला ‘बाथटबचा टेंडर’ म्हणत आणि बाजूने पाहिलं की ते नाव लगेच पटतं. त्यात ३० घनमीटर पाणी आणि १० टन कोळसा मावायचा.

इंजिनाची मापं काय होती?

चाकांची रचना २-१०-०: पुढे दोन छोटी चाकं, मग दहा जोडलेली मोठी चाकं, केबिनखाली छोटं चाक नाही. मोठ्या चाकांचा व्यास १,४०० मिलिमीटर, म्हणजे साधारण एका लहान मुलाच्या उंचीचा. दोन सिलिंडर, ६०० मिलिमीटर व्यास आणि आतल्या दट्ट्याची धाव ६६० मिलिमीटर. टेंडरसह लांबी सुमारे २३ मीटर. पाणी-कोळसा भरलेल्या इंजिनाचं टेंडर सोडून वजन ८४ टन. ताकद सुमारे १,६०० अश्वशक्ती. कमाल वेग ताशी ८० किलोमीटर, आणि तोही पुढे-मागे दोन्हीकडे सारखाच.

हे शेवटचं वाक्य पटकन वाचून सोडून देऊ नका. साधारण टेंडरवालं इंजिन उलटं पळवायचं म्हणजे ड्रायव्हरच्या तोंडावर वारा, कोळशाची धूळ आणि टेंडरमुळे अडलेली नजर. त्यामुळे शेवटच्या स्टेशनावर टर्नटेबलवर चढवून इंजिन फिरवावं लागे. इथे टेंडरच्या पुढच्या बाजूलाही भिंत उभी करून केबिन बंद केलेली आणि टेंडरचं अंग वर निमुळतं. जिथे टर्नटेबल नव्हतं किंवा बाँबने उडवलेलं होतं तिथेही काम अडत नसे.

दहा जोडचाकं असलेलं इंजिन नॉर्वेच्या वळणांवर चालायचं कसं?

चांगला प्रश्न. दहा चाकं एका सरळ रेषेत जखडली तर वळणावर इंजिन एक तर रूळ ओरबाडेल किंवा रुळावरून उतरेल.

याचं उत्तर पुढच्या बोगीत आहे. पुढच्या छोट्या चाकांचा आस आणि जोडचाकांपैकी पहिला आस हे दोन्ही एका तरफेने बांधलेले असतात. वळण आलं की छोटी चाकं एका बाजूला सरकतात आणि तरफेमुळे पहिली मोठी चाकं उलट बाजूला थोडी सरकतात. दोघं मिळून बोगीसारखं वागतात आणि इंजिनाचं नाक रुळाबरोबर वळवतात. याला क्राउस-हेल्महोल्ट्झ बोगी म्हणतात. वर्ग ५०मध्ये ती होती आणि वर्ग ५२ सोपं करतानाही तिला कुणी हात लावला नाही.

मग हे इंजिन नॉर्वेला इतकं कसं मानवलं?

माझ्या मते तीन कारणांनी, आणि त्यातलं पहिलं सर्वांत मोठं आहे.

नॉर्वेचे रूळ हलके होते. डोंगराळ, विरळ वस्तीच्या देशात पैसा वाचवून मार्ग टाकलेले. त्यावर एका आसामागे फार वजन टाकता येत नसे. ताकदवान इंजिन हवं तर ते जड होणार आणि जड झालं की रूळ आणि पूल तक्रार करणार. नॉर्वेच्या इंजिनिअरांची सारी कारकीर्द या कात्रीत गेली. वर्ग ५२चं वजन पाच मोठ्या आसांवर पसरलेलं होतं, एका आसावर फक्त सुमारे १५ टन. पूर्व युरोपातल्या कच्च्या मार्गांवर चालावं म्हणून जर्मनांनी ते तसं केलं होतं. नॉर्वेत नेमकं तेच हवं होतं.

दुसरं कारण थंडीचं. डोव्ह्रे मार्ग येर्किनजवळ समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच चढतो. अशा ठिकाणी जानेवारीत बंद केबिन आणि झाकलेले नळ यांचं मोल वेगळं सांगायला नको.

तिसरं कारण दुरुस्तीचं. दोनच सिलिंडर, तेही बाहेर, हात पोचेल तिथे. एकाच साच्यातली ७४ इंजिनं असल्यामुळे एकाचा भाग दुसऱ्याला बसायचा.

नॉर्वेने स्वतः मोठी इंजिनं बनवली नव्हती का?

बनवली होती आणि फार सुंदर बनवली होती. टाइप ४९, ज्याला ‘डोव्ह्रेगुबेन’ म्हणतात. डोव्ह्रे पर्वतातल्या दंतकथेतला राजा म्हणजे डोव्ह्रेगुबेन, इब्सेनच्या ‘पेअर ग्युंट’ नाटकातला. ही इंजिनं खास डोम्बोस ते ट्रॉनहाइम या घाटाच्या टप्प्यासाठी १९३५ पासून बनली. एकूण सातच. चाकांची रचना २-८-४, जी युरोपात दुर्मीळ. चार सिलिंडर: आधी वाफ उच्च दाबाच्या सिलिंडरांत काम करते, मग तीच वाफ कमी दाबाच्या मोठ्या सिलिंडरांत पुन्हा वापरली जाते. कोळसा विकत आणणाऱ्या देशाने केलेला हा बारीक विचार होता.

डोव्ह्रेगुबेनबद्दल मला खूप आदर आहे. हलक्या रुळावर जास्तीत जास्त ताकद कशी बसवायची, याचं ते नॉर्वेने स्वतः दिलेलं उत्तर होतं. पण चार सिलिंडरांचं यंत्र सांभाळायला वेळ आणि माणसं लागतात. १९५०च्या दशकाच्या अखेरीस डोव्ह्रेगुबेन निवृत्त झाले. घाईघाईत, काही वर्षांच्या युद्धापुरता बनवलेला ‘मोठा जर्मन’ त्यांच्यानंतरही काम करत राहिला. ४६३ क्रमांकाचं डोव्ह्रेगुबेन हामारच्या रेल्वे संग्रहालयात जपलेलं आहे. नॉर्वेला गेलात तर ते चुकवू नका.

युद्धात या गाड्यांवर हल्ले झाले का?

रेल्वेवर झाले. नॉर्वेच्या प्रतिकार चळवळीने आणि दोस्तांच्या पथकांनी उत्तरेकडचे मार्ग तोडण्याचा सतत प्रयत्न केला, विशेषतः १९४४-४५च्या हिवाळ्यात, जेव्हा फिनलंडमधून मागे येणारं जर्मन सैन्य नॉर्वेतून युरोपच्या आघाड्यांकडे निघालं होतं. १३ जानेवारी १९४५ रोजी नूर्लांड मार्गावर स्नोसाजवळचा यॉरस्टाड पूल उडवला गेला आणि एक सैनिकी गाडी खाली कोसळली. नॉर्वेच्या रेल्वे इतिहासातला हा सर्वांत प्राणघातक प्रसंग आहे.

युद्ध संपल्यावर शत्रूचं इंजिन म्हणून ती भंगारात का नाही काढली?

१९४५ची परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. पाच वर्षं नॉर्वेची स्वतःची इंजिनं पुरेशा दुरुस्तीशिवाय, मिळेल तो निकृष्ट कोळसा घालून राबवलेली. देशाच्या अगदी उत्तरेला, फिनमार्कमध्ये, माघार घेणाऱ्या जर्मनांनी गावंच्या गावं जाळलेली. सगळं पुन्हा उभं करायचं तर लाकूड, सिमेंट, धान्य वाहून न्यायला हवं. अशा वेळी तीन वर्षांहूनही कमी वयाची ७४ ताकदवान इंजिनं यार्डात उभी आहेत. कुठलाही शहाणा देश जे करेल तेच नॉर्वेने केलं.

‘मोठा जर्मन’ हे नाव ठेवताना कुणाच्या मनात काय होतं हे आता कोण सांगणार? मला त्यात एक सरळपणा दिसतो. कुठून आलं ते लपवलं नाही, नवं गोंडस नाव देऊन इतिहास पुसला नाही. जर्मन आहे, मोठा आहे, कामाचा आहे.

इतर देशांतही ही इंजिनं राहिली का?

हो, जवळजवळ अर्ध्या युरोपात. सोव्हिएत संघात त्यांना ‘टीई’ म्हटलं गेलं, पोलंडमध्ये ‘टीवाय२’, युगोस्लाव्हियात ‘वर्ग ३३’. ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकिया, रुमानिया, बल्गेरिया आणि तुर्कस्तानातही ती वर्षानुवर्षं चालली. पूर्व जर्मनीत त्यातल्या काहींची पुनर्बांधणी करून ती कितीतरी वर्षं वापरली. बोस्नियातल्या तुझ्लाजवळच्या कोळशाच्या खाणीत तर एकविसाव्या शतकातही ती कामावर होती.

भारतात असं काही घडलं होतं का?

घडलं होतं, फक्त उलट्या बाजूने. युद्धकाळात भारतातल्या रेल्वेवर प्रचंड भार पडला आणि त्यासाठी अमेरिका आणि कॅनडातून इंजिनं आली. ब्रॉडगेजवर २-८-२ रचनेची ‘एडब्ल्यूडी’ आणि ‘सीडब्ल्यूडी’, मीटरगेजवर ‘मॅकआर्थर’. तीही युद्धासाठी झपाट्याने बनवलेली, साधी आणि दणकट होती आणि स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षं मालगाड्या ओढत राहिली. आपल्याकडे ती मित्रांकडून आली, नॉर्वेत ती आक्रमकाने सोडून दिली. हा फरक मोठा आहे. पण आणीबाणीत बनवलेलं साधं यंत्र शांततेत इतकं का टिकतं, हे समजून घ्यायला ही दोन्ही उदाहरणं शेजारी ठेवून पाहावीत.

नॉर्वेत कोळसा होता का?

मुख्य भूमीवर खाणकाम करण्याजोगा नाही. खूप उत्तरेला, स्वालबार बेटांवर आहे आणि तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून नॉर्वेची कंपनी खाणी चालवत होती. सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मन युद्धनौकांनी, त्यात ‘तिरपित्झ’ही होती, तिथल्या वस्त्यांवर हल्ला करून त्या जाळल्या. बाकी कोळसा समुद्रापलीकडून यायचा.

दुसरीकडे, नॉर्वेत धबधब्यांना तोटा नाही. स्वस्त जलविद्युत उपलब्ध असताना विकतचा कोळसा जाळणं देशाला परवडणारं नव्हतं. ओस्लोजवळच्या ड्रामेन मार्गाचं विद्युतीकरण १९२२ मध्येच झालं होतं आणि नार्विकचा लोहखनिज वाहणारा ओफोटन मार्ग १९२३ मध्ये विजेवर गेला. म्हणजे स्टूरटिस्केन नॉर्वेत आलं तेव्हाच वाफेचा काळ तिथे उताराला लागलेला होता. ते आलं ते भर घालायला, आणि राहिलं ते वीज पोचेपर्यंतची जागा भरून काढायला.

शेवट कसा झाला?

हळूहळू आणि दोन बाजूंनी. एकीकडून वीज आली: डोव्ह्रे मार्गावर तारा १९५३ मध्ये हामारपर्यंत आणि १९६६ मध्ये लिलेहामरपर्यंत आल्या आणि १९७० मध्ये ट्रॉनहाइमला पोचल्या. बर्गन मार्ग १९६४ पर्यंत पूर्ण विजेवर गेला. दुसरीकडून डिझेल आलं: स्वीडनच्या नोहाब कंपनीने अमेरिकन परवान्यावर बनवलेली, गोल नाकाची ‘डीआय ३’ इंजिनं १९५४ पासून नॉर्वेत दिसू लागली. नूर्लांड मार्गासारख्या, तारा नसलेल्या लांब मार्गांवर त्यांनी वाफेची जागा घेतली. १९७०च्या सुमारास एनएसबीच्या रोजच्या कामातून वाफ संपली. टाइप ६३ त्या शेवटच्या फळीत होतं.

आज एखादं स्टूरटिस्केन बघायला मिळतं का?

क्रमांक २७७० नॉर्वेत जतन केलेलं आहे. ५८६५ इंग्लंडला गेलं. नॉरफोकमधल्या ब्रेसिंगहॅम स्टीम म्युझियममध्ये ते आहे आणि तिथे त्याला ‘पेअर ग्युंट’ नाव दिलं आहे. १९४४ साली शिखाउच्या कारखान्यात बनलेलं, नॉर्वेत आयुष्य घालवलेलं आणि इंग्लंडमध्ये विसावलेलं. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना ते बघणं सर्वांत सोपं.

नॉर्वेत चालती वाफेची गाडी कुठे मिळेल? फ्लोमची गाडी वाफेची आहे का?

फ्लोमची प्रसिद्ध गाडी विजेवर चालते. १९४० मध्ये तो २० किलोमीटरचा उभा चढ तात्पुरता वाफेवर सुरू झाला, पण १९४४ पासून तिथे वीज आहे. वाफेची गाडी हवी असेल तर विकर्सुंडहून निघणारा क्र्योडर मार्ग उन्हाळ्यात बघावा. तो प्रमाण गेजचा आहे. नॅरोगेज आवडणाऱ्यांनी दक्षिणेत क्रिस्तियानसांदजवळचा सेटेसडाल मार्ग गाठावा, ग्रोवाने स्टेशनवरून. तिथली स्कॉटिश बनावटीची छोटी इंजिनं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची आहेत आणि रुळांची रुंदी १,०६७ मिलिमीटर. आपल्या मीटरगेजवर वाढलेल्या माणसाला तिथे घरच्यासारखं वाटेल. गाड्या ठरावीक रविवारी आणि सुट्ट्यांनाच धावतात, म्हणून वेळापत्रक आधी बघून मगच तिकिटं काढा.

जुन्या फोटोत टाइप ६३ ओळखायचं कसं?

आधी टेंडर बघा. खाली गोल पोट आणि वर आत झुकलेल्या कोळशाच्या भिंती दिसल्या की अर्धं काम झालं. मग मोठी चाकं मोजा, एका बाजूला पाच. केबिनच्या बाजूला उघडी फट आहे की दार, ते बघा. टाइप ६३च्या केबिनला नीट दार असतं. केबिनखाली छोटं चाक दिसलं तर ते टाइप ६३ नाही. ते डोव्ह्रेगुबेन असू शकेल, तिथे केबिनखाली प्रत्येक बाजूला दोन छोटी चाकं असतात. शेवटी क्रमांक वाचायचा प्रयत्न करा. त्यावरून जर्मन नोंदींमध्ये इंजिनाचा कारखाना आणि जन्मवर्ष शोधता येतं.